जीव घाबरतो तेव्हा : पॅनिक अटॅक प्रयोगशाळेत मुद्दाम कसा आणतात

एसटीत रेंज जाते, इअरफोन हरवतात, म्हणून बरेच जण हे वाचतात हे मला माहीत आहे. त्यामुळे या भागाचं हे लेखी रूप. बोलताना शंभर वेळा आलेलं 'म्हणजे' काढून टाकलंय, आकडे नीट लिहिलेत, बाकी मजकूर तोच.

आजचा विषय एका प्रश्नावरून सुचला. "दादा, पॅनिक अटॅक खरंच काही असतं का, की हे मोबाईलवर बघून आलेलं नवीन खूळ आहे?" विचारणारा जळगावचा आहे, वय बावीस. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे मला कुठलीही गोष्ट खरी आहे का हे तपासायचं असेल तर पहिला प्रश्न पडतो : हा बग मुद्दाम परत आणता येतो का? परत आणता आला की अर्धं काम झालं. पॅनिक अटॅकच्या बाबतीत हे काम डॉक्टरांनी करून ठेवलंय, आणि तेही आजकालचं नाही, १९६७ सालचं.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे कोणी 'मला पॅनिक अटॅक आला' असं म्हणत नाही. 'जीव घाबरतोय' म्हणतात. अहिराणीत आजी म्हणेल, 'जीव घाबरी राह्यना रे भाऊ'. छातीत धडधड, धाप, दरदरून घाम, हातापायाला मुंग्या, चक्कर, घशात काहीतरी अडकल्यासारखं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'मी आता मरतो' किंवा 'मला वेड लागतंय' अशी पक्की खात्री. हे काही मिनिटांत टोकाला जातं आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतं. असा एखादा झटका आयुष्यात कोणालाही येऊ शकतो. पण झटके कारण नसताना परत परत येत असतील आणि 'पुढचा कधी येईल' या धास्तीने महिनाभर किंवा जास्त काळ माणसाचं वागणं बदलत असेल, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. आजचे सगळे प्रयोग मुख्यतः या दुसऱ्या गटातल्या लोकांवर झालेले आहेत.

आता १९६७. अमेरिकेत फेरिस पिट्स आणि जेम्स मॅक्लूर हे दोन मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांच्या आधीच्या डॉक्टरांनी एक गोष्ट टिपून ठेवली होती : ज्यांना कायम धडधड आणि धास्तीचा त्रास असतो, त्यांनी थोडा व्यायाम केला तरी त्यांच्या रक्तात लॅक्टेट इतरांपेक्षा जास्त साठतं. लॅक्टेट म्हणजे स्नायू जोरात काम करतात तेव्हा तयार होणारा पदार्थ. पिट्स आणि मॅक्लूर यांनी उलटा विचार केला. लॅक्टेट बाहेरूनच दिलं तर?

त्यांनी १४ रुग्ण आणि १० निरोगी माणसं घेतली. प्रत्येकाला सोडियम लॅक्टेटचं सलाईन शिरेतून २० मिनिटांत दिलं, वजनाच्या दर किलोला १० मिलिलिटर या हिशोबाने. दुसऱ्या वेळी ग्लुकोजचं सलाईन दिलं, आणि कोणत्या वेळी काय चाललंय हे रुग्णाला सांगितलं नव्हतं. लॅक्टेटवर १४ पैकी १३ रुग्णांना त्यांचा नेहमीचा झटका आला. निरोगी १० पैकी फक्त दोघांना. ग्लुकोजवर हा प्रकार झाला नाही.

पुढे इतरांनी हा प्रयोग अनेकदा केला. इतका टोकाचा आकडा दर वेळी आला नाही, पण चित्र तेच राहिलं : रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना झटका, निरोगी लोकांत फार थोड्यांना. शिवाय असं दिसलं की इमिप्रामिनसारखं औषध काही आठवडे घेऊन ज्यांचे रोजचे झटके थांबले होते, त्यांना लॅक्टेट दिलं तरी बहुतेकदा झटका येत नाही. म्हणजे औषधाने आतलं काहीतरी बदललं होतं. 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांनी या जागी थोडं थांबावं.

हा मजकूर ऐकून आमच्या ग्रुपवर लगेच मेसेज आला : "भाऊ, आपल्याकडे तर अशक्तपणा आला की आरएल लावतात, त्यात लॅक्टेटच असतं ना?" असतं. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट. पण प्रमाण बघा. आरएलच्या एका लिटरमध्ये लॅक्टेट २८ मिलिमोल असतं. प्रयोगातल्या द्रावणात लिटरला ५००. साठ किलोच्या माणसाला प्रयोगात ६०० मिलिलिटर, म्हणजे एका बाटलीपेक्षा जास्त, तेही वीस मिनिटांत दिलं जायचं. आरएलची अर्ध्या लिटरची बाटली तास-दोन तास टिपटिप चालते आणि तिच्यातून मिळणारं एकूण लॅक्टेट प्रयोगाच्या विसाव्या भागाइतकंही नसतं. त्यामुळे आरएलला घाबरू नका. (अशक्तपणासाठी विनाकारण सलाईन लावून घ्यायची आपल्या भागातली हौस हा वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी बोलू.)

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पळल्यावर अंगात लॅक्टेट वाढतं, मग पॅनिकवाल्याने पळू नये का?

हा प्रश्न माझ्या घरातला आहे. माझा मावसभाऊ धुळ्यात पोलीस भरतीची तयारी करतो. त्याची परवानगी घेऊन सांगतोय. मागच्या उन्हाळ्यात अभ्यासिकेत बसल्या बसल्या त्याला पहिला झटका आला. मित्रांनी गाडीवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी 'गॅस आहे, टेन्शन घेऊ नको' म्हणून घरी पाठवलं. आठवड्यात दुसरा झटका, मग तिसरा. आता भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं. पण धावताना धडधड वाढली की त्याला वाटायचं, आला परत. त्याने मैदानावर जाणंच सोडलं. घरच्यांना वाटलं पोरगा आळशी झाला. त्याचं वर्ष यात जाणार होतं, आणि कारण कोणालाच कळत नव्हतं, त्यालाही नाही.

तर उत्तर असं. पळताना स्नायूंतून येणारं लॅक्टेट आणि शिरेतून दिलेलं सोडियम लॅक्टेट यांचा शरीरावरचा परिणाम सारखा नाही. जोरात पळल्यावर रक्त आम्लतेकडे झुकतं. सोडियम लॅक्टेटचं मात्र यकृतात बायकार्बोनेट होतं आणि रक्त उलट अल्कलीकडे झुकतं. व्यायामाच्या चाचण्यांत पॅनिकच्या रुग्णांना झटका येण्याचं प्रमाण कमीच दिसतं. १९९८ मध्ये जर्मनीत ४६ रुग्णांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला : काहींना नियमित धावायला लावलं, काहींना क्लोमिप्रामिन हे औषध, काहींना नुसती साखरेची गोळी. औषधाचा गुण लवकर आणि जास्त आला, पण धावणाऱ्यांनाही साखरेच्या गोळीवाल्यांपेक्षा स्पष्ट फायदा झाला. हृदय तपासून घेतल्यावर पळणं बंद करायचं कारण नाही. उलट धडधड म्हणजे धोका नाही, हे शरीराला पटवायची ती एक चांगली जागा आहे.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो अपघाताने सापडला. १९८४ च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये जॅक गोर्मन आणि सहकारी बघत होते की जोरजोरात श्वास घेतल्याने झटका येतो का. जोरात श्वास घेतला की अंगातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग तुलनेसाठी त्यांनी दुसरी सोय केली : हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळून द्यायचा, म्हणजे तो कमी होणार नाही आणि काही होणार नाही. ही होती 'सुरक्षित' बाजू. झालं भलतंच. नुसत्या जोरात श्वास घेण्यापेक्षा या मिश्रणानेच जास्त रुग्णांना झटके आले. टेस्ट केसमधला कंट्रोल फेल झाला आणि त्यातून नवीनच शोध लागला, असं आमच्याकडेही होतं, पण आम्हाला त्यावर पेपर लिहायला मिळत नाही.

साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो. नंतर युरोपात ३५ टक्क्यांचे प्रयोग झाले : एकच खोल श्वास, बस. काही सेकंदांत घुसमट, धडधड, भीती, आणि मिनिटाभरात बहुतेक उतरलेलं. निरोगी माणसालाही यात अस्वस्थ वाटतं, पण पॅनिकच्या रुग्णांना ते त्यांच्या झटक्यासारखंच वाटतं.

यावरून एक गोष्ट लगेच लक्षात घ्या. सिनेमात दाखवतात ना, घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कागदी पिशवी लावतात? त्या पिशवीत आपलाच सोडलेला कार्बन डायऑक्साइड परत आत जातो. पॅनिकच्या माणसाला नेमका तोच नको असतो. आणि समोरच्याला खरंच दमा किंवा हृदयाचा झटका असेल तर पिशवी जिवावर बेतू शकते. पिशवी नको, प्लॅस्टिकची तर मुळीच नको.

डोनाल्ड क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९९३ मध्ये या सगळ्याची एक मांडणी केली. त्याचं म्हणणं, मेंदूत गुदमरण्याचा अलार्म आहे. हवा कमी पडतेय, कार्बन डायऑक्साइड साठतोय असं दिसलं की तो वाजतो, आणि वाजायलाच हवा, नाहीतर बंद खोलीत माणूस झोपेत मरेल. पॅनिक डिसऑर्डरमध्ये त्याची पातळी खूप खाली बसलेली असते. सर्व्हरवर सीपीयू वीस टक्के झाला तरी रात्री तीनला फोन वाजवणारा अलर्ट ज्यांनी सहन केलाय त्यांना हे लगेच कळेल. अलार्म खराब नाही, फोनही खरा वाजतो, झोपही खरी मोडते. आग मात्र लागलेली नसते.

ही मांडणी पूर्ण सिद्ध झालेली नाही. तिच्यात न बसणाऱ्या गोष्टी आहेत. सीसीके-४ नावाचा एक छोटा रेणू, आपल्या आतड्यात असणाऱ्या एका संप्रेरकाचा तुकडा, शिरेतून मायक्रोग्रॅममध्ये दिला तरी झटका येतो, आणि त्याचा गुदमरण्याशी थेट संबंध लागत नाही. योहिम्बिन हे तिसरंच : ते शरीरातलं नॉरअॅड्रिनलिन वाढवतं. लॅक्टेट, कार्बन डायऑक्साइड, सीसीके, योहिम्बिन, चौघांचे रस्ते वेगळे आणि मुक्काम एकच. म्हणून 'पॅनिकचं केमिकल सापडलं' अशी रील कोणी टाकली तर पुढे सरका.

एक प्रयोग मात्र सांगायलाच हवा. अमेरिकेत एक बाई आहे, शोधनिबंधांत तिचा उल्लेख फक्त एस. एम. या अक्षरांनी होतो. एका दुर्मिळ आजाराने तिच्या मेंदूतला अमिग्डाला दोन्ही बाजूंनी नष्ट झालाय. अमिग्डाला म्हणजे भीतीचं मुख्य केंद्र असं आपण शिकतो. ही बाई साप हातात घेते, भुताटकीच्या घरात हसत फिरते. २०१३ मध्ये तिला आणि तसाच आजार असलेल्या दोन जुळ्या बहिणींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा एक श्वास दिला. तिघींनाही पॅनिक अटॅक आला. तुलनेसाठी घेतलेल्या १२ निरोगी लोकांत फक्त तिघांना आला. म्हणजे बाहेरच्या धोक्याची भीती आणि शरीराच्या आतून उठणारी ही भीती यांची वायरिंग एकच नसावी. 'एवढा धीट पोरगा आणि घाबरला कसा' या प्रश्नात काही अर्थ नाही, तो यासाठी.

आता आपल्या टपरीवर येऊ. सलाईन आणि गॅसचा सिलिंडर आपल्या वाट्याला येत नाही. आपल्या वाट्याला येतं ते कॅफिन.

कॅफिनचे प्रयोग १९८० च्या दशकापासून झाले. २०२२ मध्ये दोन स्वीडिश संशोधकांनी ते एकत्र मांडले. एका वेळी साधारण ४०० मिलिग्रॅम किंवा जास्त कॅफिन दिल्यावर पॅनिक डिसऑर्डरच्या जवळपास निम्म्या रुग्णांना झटका आला. निरोगी लोकांत शंभरात दोनही नाहीत. आणि कॅफिन नसलेल्या पेयावर एकालाही नाही.

४०० म्हणजे किती? आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडे धरू : दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, फिल्टर किंवा ब्रू कॉफीत ८० ते १२०. दिवसाला ३०० च्या आत राहा असं तीच संस्था सांगते. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ७५. जिमच्या प्री-वर्कआउट पावडरच्या एका चमच्यात कितीतरी वेळा १५० ते ३००, पॅकवर मागे बारीक अक्षरात असतं. कॅफिनचा अर्धा भाग अंगातून जायला पाचेक तास लागतात, त्यामुळे दुपारचं रात्रीपर्यंत उरतं.

भावाचा हिशोब आम्ही दोघांनी मिळून मांडला होता. अभ्यासिकेतले चार-पाच कट, रात्री जागायला एक कॅन, संध्याकाळी जिममध्ये मित्राने दिलेली पावडर. वर मे महिन्यातलं आपलं ४४ अंश, कमी पाणी, कमी झोप. कॅफिनमुळेच त्याला आजार झाला असं म्हणता येणार नाही. पण ज्याचा अलार्म आधीच हलका आहे त्याने रोज त्यावर बोट ठेवायचं, असा तो प्रकार होता. सकाळचा एक चहा कोणी सोडायला सांगत नाही, खान्देशात तर सांगूही नये. पण झटके येत असतील तर कॅन आणि पावडर आधी बंद, आणि चहा हळूहळू कमी. एकदम बंद केला तर डोकं दुखेल, तो वेगळा त्रास. जाता जाता : 'फॅट बर्नर' आणि 'पॉवर'च्या नावाने मिळणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये वर सांगितलेलं योहिम्बिन असतं. गांजानेही अनेकांना झटका येतो. लेबल वाचा, आणि ज्याला लेबलच नाही ते घेऊ नका.

इथपर्यंत ऐकून वाटेल की सगळं रसायनच ठरवतं. पण माझ्यासाठी या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा प्रयोग १९८९ चा आहे. सँडरसन, रॅपी आणि बार्लो या तिघांनी पॅनिक डिसऑर्डरचे २० रुग्ण घेतले. सगळ्यांना ५.५ टक्के कार्बन डायऑक्साइडची हवा १५ मिनिटं द्यायची होती. सगळ्यांना सांगितलं : समोरचा दिवा लागला असेल तर हे बटण फिरवून तुम्ही गॅस कमी करू शकता, पण शक्यतो करू नका. दहा जणांसमोर दिवा पूर्ण वेळ चालू ठेवला. दहा जणांसमोर लावलाच नाही. गंमत अशी की बटणाला काहीच जोडलेलं नव्हतं. दोन्ही गटांना गॅस तेवढाच गेला.

ज्यांच्यासमोर दिवा नव्हता त्यांच्यातल्या ८० टक्के लोकांना झटका आला. ज्यांना वाटत होतं की बटण आपल्या हातात आहे, त्यांच्यातल्या २० टक्के लोकांना.

गॅस तोच, फुप्फुसं तशीच, आजार तोच. तीन वर्षांपूर्वी रॅपीनेच आणखी एक प्रयोग केला होता, त्यात गॅस देण्याआधी काही रुग्णांना नीट सांगितलं की आता धडधडेल, गुदमरल्यासारखं वाटेल, हे गॅसमुळे आहे आणि लगेच जाईल. ज्यांना सांगितलं त्यांना कमी भीती वाटली. ब्रिटनच्या डेव्हिड क्लार्कने १९८६ मध्ये मांडलेलं चक्र हेच : शरीरात काहीतरी होतं, माणूस त्याचा अर्थ 'मी मरतोय' असा लावतो, त्या अर्थाने अॅड्रिनलिन वाढतं, त्याने धडधड वाढते, मग अर्थ अजून पक्का होतो. रसायन पहिला धक्का देतं. पुढे चाक कोण फिरवतं, यात आपला हात असतो.

म्हणून 'गॅस आहे, टेन्शन घेऊ नको' हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. त्यात चूक काही नसेल, पण माणसाच्या हातात काही पडत नाही. त्याला 'तुझं हृदय तपासलं, ते ठीक आहे, तुला झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, तो असा चढतो आणि असा उतरतो, आणि त्यावर उपचार आहे' एवढी चार वाक्यं मिळाली असती तर दोन महिने वाचले असते.

उपचार खरंच आहेत. विचार आणि वागणं बदलायची थेरपी, म्हणजे सीबीटी. त्यात थेरपिस्ट तुम्हाला मुद्दाम जोरात श्वास घ्यायला, जागच्या जागी गरगर फिरायला, जिना पळत चढायला लावतात, म्हणजे प्रयोगशाळेतलाच प्रकार, पण छोट्या डोसमध्ये आणि बटण तुमच्या हातात. आणि औषधं, हल्ली बहुतेक एसएसआरआय गटातली. ती लागू पडायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला थोडी अस्वस्थता वाढू शकते, आणि ती आपल्या मनाने बंद करायची नसतात. अल्प्राझोलामची गोळी मेडिकलमधून ओळखीने आणून घेत राहू नका. ती लगेच शांत करते हे खरं, पण सवय लागते आणि सोडताना झटके दुप्पट जोराने येऊ शकतात.

जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढताना लाज वाटत असेल तर आधी फोनवर बोला : टेली मानस, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली.

आणि हे सगळं ऐकून घरी स्वतःवर प्रयोग करायचे नाहीत. प्रयोगशाळेत रुग्णाची लेखी संमती असते, डॉक्टर शेजारी असतो, नळी बंद केली की झटका उतरतो. पहिल्यांदाच छातीत दुखलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर 'पॉडकास्टमध्ये ऐकलं, पॅनिक असेल' म्हणून बसून राहू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढा. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या, त्यांच्यानेही धडधड होते. पॅनिकचं नाव तपासणीनंतर घ्यायचं.

शेवटी एक प्रश्न राहिला, तो धुळ्याच्या एका ताईंनी विचारला होता : नवऱ्याला झटका आला की मी काय करू? ताई, तपासणी आधीच झालेली असेल तर गर्दी हटवा, शेजारी बसा. कांदा हुंगायला देऊ नका, अंगारा लावायची घाई करू नका, 'घाबरू नका' असंही दहा वेळा म्हणू नका. सावकाश श्वास सोडायला सांगा, घेण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष. आणि घड्याळात बघून त्यांना वेळ सांगत राहा : पाच मिनिटं झाली, आठ झाली, आता उतरतोय.